वाटेत रेवदंडा लागतो

रेवदंडा, ११ जानेवारी २०२६

चि. विनेश,

आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत एक टपली. गेल्या तीन फोनमध्ये तू मला "जेवलीस का" याच्या पुढे काही विचारलं नाहीस. म्हणून आता कागदावर लिहिते आणि त्याचा फोटो तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. कागदाला मध्येच "आत्या, आवाज तुटतोय" असं म्हणता येत नाही. तूही असंच लिही. तुझं अक्षर किती बिघडलंय तेही कळेल.

कामाचं बोलते. या शिमग्याला दिशा घरी आली पाहिजे. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि दोन वर्षं तुझा बाप तिच्याशी बोललेला नाही. ती फोनवर मला विचारते, "बाबा बरे आहेत ना?" आणि भिकू भिंतीकडे तोंड करून मला विचारतो, "बरी हाय ना?" माझा नुसता टेलिफोन झालाय. त्याचा राग एवढाच की पोरीने न विचारता तिकडेच लग्न केलं. निकेतमध्ये खोट काढायला काही नाही. मुलगा माणगावचा. माणगावचा मुलगा शोधायला ही व्हँकुव्हरपर्यंत कशाला गेली हे मात्र मला अजून समजलेलं नाही, इथून एसटी होती.

तर गेल्या आठवड्यात जेवताना भिकू एकाएकी म्हणाला, "सासरी गेलेली पोर मुराल्याबिगर येत न्हाय. तिचा भाऊस हाय ना? जाऊदे त्याला." माझ्या हातातला डाव आमटीत पडला. तिचं नाव नाही घेतलं, पण विषय तर त्याने काढला! आपली रीत तुला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मुलगी आपणहून येत नाही, माहेरचं माणूस तिला आणायला जातं, तो मुराळी. भिकूच्या जिभेला "ये" म्हणता येत नाही, कधीच येत नव्हतं. मुराळी पाठवणं हेच त्याचं "ये". आणि दिशा तर म्हणतेच की बाबांनी बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. म्हणजे सगळं तुझ्यावर आलं.

आता तू म्हणशील लांब आहे. ते आम्ही तपासलंय. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर जगाचा नकाशा आहे, तिथे मी आणि भिकू जाळ्याचा दोरा घेऊन गेलो. तू उजव्या हाताला अगदी खाली कोपऱ्यात, दिशा डाव्या हाताला वर कोपऱ्यात, आणि आपण मध्ये. तुझ्या ऑकलंडपासून तिच्या व्हँकुव्हरपर्यंत दोरा ताणला तर तो आपल्या बाजूनेच जातो. खरं सांगायचं तर तो श्रीलंकेच्या खालून पाण्यातून जात होता, पण भिकूने अंगठ्याने जरा वर ओढला. म्हणाला, विमानाला थोडं वळायला काय होतंय.

तेव्हा तिला आणायला जाताना तू आमच्या डोक्यावरूनच जाणार आहेस. मग नुसता वरून जाऊ नकोस. उतर, जेव आणि पुढे जा. ओले बोंबील करते.

तुझी आत्या,
नीरा


ऑकलंड, १५ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. टपली पोचली. बारा हजार किलोमीटरवरूनही चांगली लागली.

तुझं पत्र मी इथे गॅरेजमध्ये एका बोटीच्या इंजिनात अर्धा आत असताना वाचलं आणि इतका हसलो की मालक बघायला आला. आत्या, तुमचं विमान रेवदंड्याला जेवून पुढे आफ्रिकेवरून जाणार, मग सगळा अटलांटिक ओलांडणार, आणि मग अख्खा कॅनडा आडवा कापून दिशाकडे पोचणार. तोवर शिमगा संपून नारळी पौर्णिमा येईल.

अगं, नकाशाची उजवी कड आणि डावी कड शेजारी शेजारी आहेत. तो कागद भिंतीवरून काढून गुंडाळ, म्हणजे मी आणि दिशा पाठीला पाठ लावून बसलेले दिसू. आमच्या मध्ये फक्त पॅसिफिक आहे. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश असतात, ते दोन्हीकडचे घालायचे, की पृथ्वीच्या गोलाईवरून जवळचा रस्ता किती तो आकडा मिळतो. मी काढला. ऑकलंड ते व्हँकुव्हर अकरा हजार तीनशे बासष्ट किलोमीटर. सरळ विमान आहे, वाटेत जमीन जवळजवळ नाहीच. तेच मुंबईवरून गेलो तर साडेचोवीस हजार. म्हणजे तुझ्या ओल्या बोंबलांसाठी मला तेरा हजार किलोमीटरचा वळसा पडतो. बोंबील तेवढे चांगले असतात हे मान्य, पण तरी.

खोटं वाटत असेल तर घरातला जाळ्याचा एक गोल बोया घे. बरोबर मध्यावर पट्टा मार, ते विषुववृत्त. मुंबई पट्ट्याच्या थोडी वर, व्हँकुव्हर बरंच वर, मी खाली. कुठे किती ते आकडे मागच्या बाजूला लिहिलेत. मग दोरा लाव.

आणि मुराळ्याचं म्हणशील तर बघू. सुट्टी मिळणं कठीण आहे, सीझन आहे इथे. शिवाय निकेतचं घर माणगावला, म्हणजे दिशाचं सासर माणगाव. रीतीने मुराळी माणगावला जायला हवा. तू रिक्षा कर आणि जाऊन ये.

तुझा,
विनेश


रेवदंडा, २१ जानेवारी

चि. विनेश,

शहाणपणा पुरे. माणगावला जाऊन मी कोणाला आणू, निकेतच्या आईला? ती येईलही, बाई हौशी आहे.

पृथ्वी गोल आहे हे मी सातवीत शिकले. पण ती गोल असली म्हणून आमचं घर वाटेतून कसं बाजूला होतं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. ते तुझ्याकडून शिकायचं राहिलं होतं.

बोया घेतला. भिकूने तो दोन्ही गुडघ्यांत धरला आणि मी मार्करने खुणा केल्या. पहिल्या वेळी तू नेमका दोर ओवायच्या भोकात आलास. भिकू म्हणाला, "त्या बाजूनं घाल, भोकात नको ठेवू पोराला." दुसऱ्या वेळी दिशा समुद्रात पडली. तिसऱ्या वेळी जमलं. मग दोरे लावले, आपल्याकडून तुझ्यापर्यंत, आपल्याकडून दिशापर्यंत आणि तुझ्याकडून दिशापर्यंत. आणि काय सांगू, तिन्ही जवळजवळ सारखे! तुमच्या दोघांमधला दोरा जरासा तोकडा, बस. भिकूचा विश्वास बसेना. त्याने स्वतः परत लावून पाहिले, तिन्हींच्या गाठी शेजारी शेजारी धरल्या.

मग मला म्हणाला, "म्हंजी त्यांच्या वाटंत आपन न्हाय?"

मी म्हटलं, "न्हाय."

तो चहा तसाच ठेवून बंदरावर निघून गेला. मला वाटतं दिशा इतकी लांब आहे हे आता त्याच्या डोक्यात शिरलं आणि पोरीची काळजी लागली. बाप आहे शेवटी.

तेव्हा तू माझ्या बोंबलांचं मनावर घेऊ नकोस. पाण्यावरून सरळ तिकडे जा आणि पोरीला घेऊन ये. मध्ये उतरायचं काही कारण नाही. सुट्टीचं निमित्त मला सांगू नकोस, मालकाला सांग की बहिणीला आणायचंय. त्यालाही बहीण असेल.

तुझी आत्या,
नीरा

ता. क. अक्षर खरंच बिघडलंय.


ऑकलंड, २६ जानेवारी

ती. आत्या,

भोकात पडलेला भाचा नमस्कार करतो.

बोयाचं वाचून मी दिशाला फोन केला आणि तिला सगळं सांगितलं. ती समुद्रात पडली तिथे खूप हसली. मग म्हणाली, बाबांनी खरंच गुडघ्यात धरला होता? मी म्हटलं, आत्या थापा मारत नाही, फक्त दोरे वाकडे लावते. ती म्हणाली, मला कोणी येऊन पार्सलसारखं उचलून न्यावं असं नाही, पण बाबांनी कोणाला तरी पाठवावं एवढं मात्र वाटतं. तर तिचं जवळजवळ जमलंय. अडलंय ते माझ्यापाशी.

सुट्टी मिळते, आत्या. मी खोटं बोललो.

मला मुराळी व्हायचं नाही. चेष्टा नाही करत. दिशा रुसली दोन वर्षं, तिच्यासाठी रीत आहे, माणसाने जायचं, मानाने आणायचं. मी पाच वर्षं इथे आहे. मला आणायला कोण येणार? मुलाला मुराळी नसतोच. मी बोट चालवणार नाही म्हटलं तेव्हा बाबा जाळ्यातून डोकं वर न काढता म्हणाले, "जा." तोच शेवटचा शब्द. त्यानंतर दिवाळीला तू फोन त्यांच्या कानाला लावतेस आणि ते "हां हां" करून परत देतात. आता पाच वर्षांनी त्यांना माझी आठवण झाली, ती कशासाठी, तर लेकीला आणायला माणूस हवा म्हणून. आणि जवळचा रस्ता दुसरीकडून निघाला तर तूच लिहितेस, मध्ये उतरायचं काही कारण नाही.

मला वाईट वाटलं, आत्या. आता लिहिलंच आहे तर खोडत नाही. दिशाला म्हणावं निकेतबरोबर ये. मी तिकिटाला हातभार लावीन.

विनेश


रेवदंडा, १ फेब्रुवारी

विनेश बाळा,

आधी मला दोन शिव्या घाल, मग पुढचं वाच. साठी उलटली तरी मला माझा सख्खा भाऊ कळला नाही.

तुझं पत्र मी भिकूला वाचून दाखवलं. सगळं. "जा" सकट. तू रागावशील, पण मी आता कोणाचं काही लपवून ठेवणार नाही, मला झेपत नाही. तो मचव्याला टेकून ऐकत होता. वाचून झालं. मग मीच विचारलं, "भिकू, खरं सांग. त्या दिसी नकाशावर दोरा वर का ओढलास?"

म्हणाला, "त्यो हितनं जावा म्हनून."

"दिशाला आनाला का?"

"दिशाला त्यो आनीलच गं. भावाभैनीचं हाय. पन जातानी हितं उतरला असता. एकटा. दिशा, जावाय, तू, समदी असताना मना काय बोलाला व्हत न्हाय. एकटा असता तर दोगं जेवलो असतो. मंग बोललो असतो."

विनेश, मुराळ्याची गोष्ट त्याने तुझ्यासाठी काढली रे. दिशाला तर आणायचीच होती, पण त्या निमित्ताने तुझी वाट घरावरून जावी म्हणून तो सोसायटीच्या ऑफिसात दोरा घेऊन उभा होता. मी शहाणी, बोयावर खुणा करून त्याच्या तोंडावर सिद्ध करून दिलं की वाट इथून जातच नाही. आणि वर तुला कळवलं की उतरू नकोस. त्या दिवशी त्याने चहा तसाच सोडला तो त्यासाठी. मला वाटलं पोरीची काळजी!

तुला बोलवायला त्याला दुसरी काही सबब सापडत नव्हती. बोट चालवायला ये म्हणावं तर ते तुला नको. नुसतं "ये" म्हणावं तर ते त्याला येत नाही. आमच्या घरातले पुरुष वादळात मचवा घालतील, पण एक अक्षर बोलायचं तर उठून बंदरावर पळतात. तूही त्यातलाच. पाच वर्षं "जेवलीस का" विचारतोस आणि पोटातलं सांगायला तुला बोया लागला.

दिशालाही मी हे सगळं लिहिलंय. आता मी कोणालाही "जा" नाही म्हणत आणि "ये" नाही म्हणत. तुम्ही तिघं बघून घ्या.

नीरा आत्या


ऑकलंड, ११ फेब्रुवारी

ती. आत्या,

शिव्या घातल्या नाहीत. घालायच्या ठरवल्या होत्या, पण पत्र तीनदा वाचलं आणि विसरलो.

दिशाचा आणि माझा रात्रंदिवस हिशोब चाललाय. तिचं म्हणणं, मी आधी व्हँकुव्हरला जायचं, तिला घ्यायचं आणि मग मुंबई, यात कोणाचाच फायदा नाही. तिथून मुंबई बारा हजार अडीचशे, इथून मुंबई बारा हजार तीनशे. जवळपास बरोबरी. तर दोघांनी आपापल्या बाजूने निघावं आणि मुंबईला भेटावं. मी म्हटलं, मग मुराळी कोण? ती म्हणाली, बारा हजार किलोमीटर एकटी येईन, पण त्या विमानतळावरून घरापर्यंत एकटी येणार नाही, तेवढ्यापुरता तू हो. मी तयार झालो. म्हणजे जगातला सगळ्यात आळशी मुराळी मी असणार.

तिकिटं काढली आहेत. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, २६ तारखेला. मी पहाटे उतरतो, दिशा आणि निकेत दुपारी. मला सिंगापूरला विमान बदलायचंय, त्यांना लंडनला. मधले तास मी तिथेच थांबेन आणि मग सगळे गाडी करून येऊ.

आता हसू नकोस. मला भीती वाटते. आम्ही दारात आलो आणि बाबा उठून बंदरावर गेले तर? रीत मोडली, कोणी आणायला गेलंच नाही, दोन्ही पोरं आपली आपण आली, असं म्हणाले तर? मला नाही काही वाटणार, सवय आहे. दिशाला लागेल. तू एकदा अंदाज घे. नसेल जमत तर आम्ही अलिबागला लॉजवर उतरू आणि तुला भेटून जाऊ.

विनेश


रेवदंडा, १७ फेब्रुवारी

चि. विनेश,

लॉजवर उतरलास तर तिथे येऊन मारीन.

तुझं पत्र याही वेळी मोठ्याने वाचलं. सिंगापूर आणि लंडन ऐकल्यावर भिकूने मला थांबवलं. म्हणाला, "म्हंजी इमान पन वलतंच की! आनि माज्या अंगठ्याला हसत व्हता." यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर मला सांग. तुमचे ते बारा हजार कागदावरचे. खरे किती ते विमानवाल्यालाच माहीत.

मग मी तुझी भीती वाचली. मला वाटलं आता हा उठतो. तो उठलाच, पण बंदरावर नाही गेला. आत जाऊन कपाट उघडलं आणि लग्नकार्यातला सदरा काढून मला इस्त्रीला दिला. वर म्हणाला, "त्याला लिव, त्याचा हिसाब इमानतलाशी संपतो. तितनं घरापावत किती ते त्यानं धरलंच न्हाय. त्ये माजं. तितं मुराली मी, दोगांचा."

मी म्हटलं, "पोराला कुठं मुराली असतो?"

म्हणाला, "आपल्या घरान्यात हाय आता."

तर ऐक. तो दुपारच्या विमानाला नाही, तुझ्या पहाटेच्या विमानाला येतोय. शेजारच्या क्रांतीच्या भावाची गाडी ठरवली आहे आणि तो रात्रीच निघणार. अलिबागच्या पुढे हा माणूस आजवर फक्त पाण्यातून गेलाय, त्यामुळे क्रांतीचा भाऊ सोबत राहील. मी विचारलं, एवढ्या लवकर जाऊन दुपारपर्यंत काय करणार, दिशाचं विमान तर उशिरा आहे. त्याने मला वेड्यात काढलं. म्हणाला, "तेवढाच तर टाइम हाय." डबा मी देणार आहे, दोन माणसांचा. विमानतळावर बसू देतात ना रे डबा घेऊन? नसतील देत तर गाडीत बसा.

दिशाला वेगळं कळवलंय की बाप आणायला येतोय. ती रडली आणि मग निकेतला म्हणाली की दाढी कर.

एक काम तेवढं कर. तुम्ही कुठल्या दाराने बाहेर येता ते नीट लिहून पाठव, खूण सांग. रोज मला तेच विचारतो. तो चुकीच्या दाराशी उभा राहिला तर दिवसभर तिथून हलायचा नाही, आणि कोणाला विचारायचाही नाही.

आणि बाहेर आलास की तू आधी बोलू नकोस. त्याला बोलू दे. काल तो मागच्या अंगणात जाळं शिवत बसला होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं कोणाशी फोनवर बोलतोय, म्हणून जवळ गेले. फोन नव्हता. हळू आवाजात म्हणत होता, "ये इनेश. ये गो दिशा." थोडा थांबायचा, सुतळी ओढायचा, आणि परत पहिल्यापासून म्हणायचा.

तुझी आत्या,
नीरा